ढोलीतली शिंक

वाचनालयाचे गुरुजी आमच्या दुकानासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "यमुनाबाई, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याचे अनुभव लिहा." मी सूप विणत होते. खरं सांगते, तेच सूप त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. बाजाराचा दिवस, समोर गिऱ्हाईक, आणि ह्यांना अनुभव पाहिजेत! मी सातवी पास आहे, लिहिता येतं, पण वेळ काय आभाळातून पडतो?

मग विचार केला की लिहिलेलं बरं. कारण आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारात माझी एक गोष्ट लोक माझ्याच पाठीमागं सांगतात आणि भलतीच सांगतात. कोणी म्हणतो मी दोन दिवस धानाच्या ढोलीत अडकून होते. कोणी म्हणतो मला काढायला आग विझवायची गाडी आली होती. एका बाईनं तर माझ्याच तोंडावर मला सांगितलं, "ते बुरडीन आतच मेली म्हनते बिचारी." मी तिला सूप विकलं आणि गप्प बसले. पण आता सगळं खरं काय ते लिहून टाकते.

आधी धंद्याचं सांगते. आम्ही बुरड. बांबूपासून टोपल्या, सुपं, चटया, पंखे, परड्या करतो. बाहेरच्याला वाटतं, बांबू आणला, चिरला, विणला, झालं. बांबू कोवळा असला तर वाकतो छान, पण वर्षभरात त्याला कीड लागून पीठ गळायला लागतं. फार जून असला तर सासऱ्यासारखा, मोडेल पण वाकणार नाही. आम्हाला लागतो दोन-तीन पावसाळे पाहिलेला. तोही अंधाऱ्या पाखात तोडलेला, कारण चांदण्यातल्या बांबूला कीड लवकर लागते असं माझी सासू सांगायची. खरं-खोटं तिला माहीत. मी अजून तेच पाळते.

बांबूला पाठ असते आणि पोट असतं. हिरवी चकचकीत साल ती पाठ, आतला पांढरा गर ते पोट. चांगल्या टोपलीला पाठीच्या पट्ट्या लागतात. पोटाच्या पट्ट्या लावून टोपली विकणारेही आहेत, पण त्यांची नावं इथं घेत नाही, ते माझ्या बाजूलाच बसतात. चिरायचं काम आमच्या ह्यांचं, शामरावांचं. विणायचं काम माझं. उभ्या कामट्या पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायच्या आणि आडव्या पट्ट्या हातानं घालायच्या. चाळीस वर्षांत माझा अंगठा असा झाला आहे की कोणत्याच चपलेत मावत नाही.

गिऱ्हाईक तर काय एकेक! एक बुवा कोंबडी झाकायची टोपली सांगायला आला. माप काय, विचारलं तर थैलीतून जिवंत कोंबडीच काढून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "घे माप." कोंबडी पळाली, सगळा बाजार तिच्या मागं. टोपली घ्यायला आला तेव्हा कोंबडी नव्हती. त्यानं ती खाल्ली होती. टोपली मात्र वाद न घालता घेऊन गेला.

कोहमाऱ्याच्या एका ढाबेवाल्यानं बल्बांवर लटकवायला बारा टोपल्या नेल्या. "बाई, एकदम फॅन्सी दिखना चाहिए," असं म्हणाला होता. महिनाभरानं परत आला तो रागावूनच. टोपल्यांत चिमण्यांनी घरटी केली होती आणि गिऱ्हाइकांच्या डाळीत वरून काड्या पडत होत्या. मी म्हटलं, "चिमण्यांना पसंत पडली, म्हणजे काम चांगलंच आहे ना भाऊ."

आता ढोलीचं. ढोली म्हणजे धान साठवायची भलीमोठी बांबूची टोपली, पुरुषभर उंच, पोटाला घेर आणि वर तोंड लहान. आमच्याकडं म्हण नाही पण नियम आहे: ढोली जिथं राहणार तिथंच विणायची. बाहेर विणली तर ती घराच्या दारातून आत जात नाही. म्हणून ढोलीसाठी आम्ही नवरा-बायको गिऱ्हाइकाच्या घरी चार-चार दिवस मुक्कामाला जायचो. त्यांच्याच घरी जेवायचं, त्यांच्याच पडवीत झोपायचं.

दुसरा नियम असा की ढोली दोघांनी विणायची. एक आत, एक बाहेर. बाहेरचा पट्टी आत सरकवतो, आतला ती ओढून परत बाहेर देतो. उंचीनं कमी म्हणून मी आत. आतून उजेड कमी, वर तोंड किती आवळत आलं ते आतल्याला नीट कळत नाही. म्हणून ते बघायचं काम बाहेरच्याचं. तोंड बांधायची वेळ आली की बाहेरचा म्हणतो, "आता नीघ." मग आतल्यानं पाटावर चढून, काठावरून पाय टाकून बाहेर यायचं आणि पुढचं तोंड बाहेरून बांधायचं. तो "आता नीघ" म्हणत नाही तोवर आतल्यानं हात थांबवायचा नाही. सासूनं मला हे असंच शिकवलं आणि मी तीस ढोल्या अशाच विणल्या.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. दवनीवाड्याकडच्या एका गावात टेंभरे पाटलांच्या घरून निरोप आला. मोठी शेती, मोठं घर, जुनी ढोली उंदरांनी पोखरलेली. पाटलांची मुलगी रेखा लग्नाची होती आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे तिला पाहायला यायचे होते. त्याच्या आत ढोली उभी राहून धानानं भरलेली पाहिजे होती.

"लिपन सुकायले चार दिवस लागते पाटील," मी म्हटलं. ढोलीला शेण-माती लिपल्याशिवाय धान भरायचं नसतं.

"लिपन मागून करा. पाहुन्याईले भरलेली दिसली पायजे," पाटील म्हणाले. त्यांनी म्हणे मध्यस्थाजवळ आधीच सांगून ठेवलं होतं की आमची ढोली काठोकाठ भरलेली असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुलगा गोरेगावजवळचा. त्याची आजी फार खट आहे, दोन घरं नुसत्या नजरेनं नाकारून आली, असा लौकिक होता. पाटलीणबाई जीव मुठीत धरून होत्या. आणि रेखा? ती पहिल्याच दिवशी मला चहा द्यायला आली, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, हा मुलगा मी कॉलेजात पाह्यला हाय. हे जुळलं पायजे. बाकी मले काही नोको."

"जुळंल वं माय," मी म्हटलं. मला काय माहीत की ते माझ्यावरच येणार आहे!

आता भांडणाचं सांगते, ते सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. तिकडं जाताना आम्ही गोंदियाला बस बदलली. हे म्हणाले, पाच मिनिटांत येतो. आले ते हातात लाल प्लास्टिकचा टब घेऊन. आणि त्या टबात आमचा कोयता, सुऱ्या, सगळी हत्यारं. दुसऱ्या दिवशी ती हत्यारं भर अंगणात त्या टबातून काढली ह्यांनी!

मी म्हटलं, "अजी, लाज वाटते का नाई? बुरड मानूस प्लास्टिक घेऊन फिरून राहिला! लोक काय म्हनतीन?"

"हलका हाय. पानी गळत नाई. आन फुटत नाई," हे म्हणाले. "पुढं हेच चालते, पाहून घेजो."

"मंग त्याच्याच संगं संसार करा."

"करीन."

झालं. अबोला सुरू. शामरावांचा अबोला म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि माझा तर त्याहून वरचढ. तिसरा दिवस तसाच गेला. बाहेरून पट्टी येत होती, मी ओढून परत देत होते, दोघांच्या तोंडात मिठाची गुळणी. चौथ्या दिवशी सकाळी ढोली माझ्या डोक्यावर गेली. मी पाटावर उभी राहून विणायला लागले. पट्टी आली, ओढली, दिली. आली, ओढली, दिली. मनात म्हटलं, बोलावंच लागेल ह्यांना, "आता नीघ" तर म्हणतील. तिकडं हे मनात म्हणत होते, हिला कळत नाही का, निघेल आपली आपण, मी नाही तोंड उघडणार.

शेवटी आतला उजेड ताटाएवढा राहिला. मी वर हात काढला. डोकं काढून पाहिलं. डोकं निघालं, खांदे नाही निघाले.

"अजी!" मी ओरडले. तीन दिवसांत पहिला शब्द.

"काय हाय?" हे म्हणाले. अजून रागातच.

"मी निघू कशी?"

ह्यांनी बाहेरून तोंडाचा घेर हातानं चाचपला. मग हे म्हणाले, "अबे बाप्पा!"

पाटील धावत आले, पाटलीणबाई धावत आल्या, मागोमाग रेखा. तोंडाच्या पट्ट्या उसवायला घेतल्या असत्या तर तास-दीड तास लागला असता, कारण टोकं आत दाबून गुंतवलेली असतात. ह्यांनी सुरी घेतली, स्टुलावर चढले, आणि तेवढ्यात फाटकाशी काळीपिवळी जीप थांबली. पाहुणे! संध्याकाळचे पाहुणे भर दुपारी दारात. त्यांना गोंदियाहून थेट गाडी मिळाली होती म्हणे.

पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. ढोलीच्या तोंडाशी येऊन कुजबुजले, "बाई, हात जोडतो. एक घंटा चूप बसा. माया पोरीचा सवाल हाय." वरून कोणीतरी एक चादर टाकली आणि आत अंधार झाला. मी पाटावर बसले. बांबूचा भुसा नाकात जात होता. नाक दाबून धरलं.

बाहेर अंगणातल्या पोत्यांवर सतरंजी पडली, चहा झाला, पोहे झाले, रेखा येऊन बसली, नाव-शिक्षण झालं. मला सगळं ऐकू येत होतं. मुलाचा आवाज गोड होता. मनात म्हटलं, पोरीची निवड चांगली आहे. मग एक खरखरीत आवाज आला. "पाटील, धानाची खोली पाहू द्या जी."

ती आजी.

काठी टेकत ती आत आली. मागून सगळी वरात. आजीला ढोलीची पारख होती. भरलेल्या ढोलीवर थाप मारली तर आवाज बसका येतो, रिकामीवर मारली तर ढोलासारखी वाजते. आजीनं हात उचलला असेल, कारण बाहेर पाटलांचा श्वास अडकल्याचं मला आतून ऐकू आलं. मी उठले आणि जिथं तिची चाहूल होती तिथं आतून पाठ लावून दाबून उभी राहिले. थाप पडली. आवाज बसका आला. माझी पाठ भरलेली आहे, त्याचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

"हं," आजी म्हणाली आणि दुसऱ्या बाजूला सरकली. मीही सरकले. थाप. बसका. ती खाली वाकली असावी, मी बूड टेकलं. थाप. बसका. मग म्हातारीनं काय केलं, तर एक हात इकडं आणि काठी तिकडं, दोन्हीकडं एकदमच मारलं! मी एकटी दोन्हीकडं कशी पुरणार? काठीच्या बाजूनं ढोली ढबकन वाजली. मी घाईनं तिकडं वळले, डोकं लोंबत्या चादरीला लागलं, वरून भुशाचा लोट नाकात गेला, आणि मला शिंक आली.

साधी शिंक नाही. ढोलीत शिंक घुमते. लग्न ठरवताना एक शिंक आली तर लोक बोलणी सोडून उठतात, आणि इथं तर धानाची ढोलीच शिंकली.

पाटलीणबाईंच्या हातातला पेला खाली पडल्याचा आवाज आला. मग आजी शांतपणे म्हणाली, "पाटील, तुमचा धान शिंकते का जी?"

आणि तिथं आमचे हे बोलले. तीन दिवस माझ्याशी नाही बोलले, पण तिथं बोलले. "धान नाई जी. माही बायको हाय आतमंधी."

"कायले ठेवली?"

"भांडन झालं होतं जी."

कोणीतरी हसलं. मला वाटतं तो मुलगाच असावा. आजीनं चादर ओढून काढली आणि काठीनं ढोलीवर टकटक केलं. "कोन हाय वं तू?"

"मी यमुना, गोरेगावची बुरडीन," मी खालून म्हटलं.

"ढोली रिकामी हाय?"

आता काय बोलणार? खोटं बोलावं तर पाटलांची लाज राहते, पण म्हातारी मूर्ख नव्हती. रेखा बाहेर उभी असणार, तिचा जीव कसा झाला असेल ते मला आतूनही कळत होतं. मी खरं तेच सांगितलं. "हाव, रिकामी हाय आजी. आजच वर आली. पन धान खोटा नाई. आंगनात सतरंजी टाकून तुमचे मानसं ज्याच्यावर बसले होते न, तेच धानाचे पोते हायेत. पाटलानं उगाच फुशारकी मारली, बाकी घर खोटं नाई."

"हं." आजीनं बसायला काहीतरी ओढलं. नंतर कळलं, तो आमचा लाल टब होता, पालथा घालून त्यावर बसली. "किती दिवस राहून राहिली ह्या घरात?"

"चार दिवस."

"मंग तुलेच विचारतो. कामाच्या मानसाले घर कळते. पाहुन्याले नाई कळत. पोरगी कशी हाय?"

असा हा प्रसंग. दुनियेत बायका मुलगी पाहायला जातात, इथं एक म्हातारी टबावर बसून ढोलीला मुलगी कशी आहे ते विचारत होती! आणि त्या ढोलीच्या उत्तरावर पोरीचं सगळं अवलंबून.

"चांगली हाय आजी," मी म्हटलं. "चार दिवस रोज तीनदा चहा आनून दिला, आन कपबशी घरच्याईची दिली, येगळी नाई काढली. आज मी अडकली तवा सगळे ढोलीले पाहून राहिले होते. तिनं पह्यले विचारलं, मावशी लागलं त नाई? पानी पायजे का? लोटा दोरीनं सोडला आत."

मला तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण माझी जीभ! सुरू झाली की ढोलीचं तोंड बांधल्याशिवाय थांबत नाही. "एकच खोट हाय. भाजीत मीठ जास्त टाकते."

"माय वं!" पाटलीणबाई किंचाळल्या.

आणि म्हातारी हसायला लागली. अशी हसली की टब तिच्याखाली कुईकुई करायला लागला. "मीठ जास्त टाकते म्हनते! अवं, माह्या सुनेच्या हाताले मीठच नाई. चाळीस साल झाले, मी अळनी खाऊन राहिली!" तिची सून, म्हणजे मुलाची आई, तिथंच उभी होती. तिनं काय तोंड केलं ते मला दिसलं नाही, एवढं एक बरं झालं.

"ह्या बाईले काढा पह्यले बाहेर," आजी म्हणाली.

"वरून उसवाले एक घंटा लागते जी," हे म्हणाले.

"मंग खालून दार कर न!"

नवी ढोली कापायची म्हणजे बुरडाला स्वतःचा हात कापण्यासारखं. मला बाहेरून सुरी टेकल्याचं जाणवलं आणि ती हलेचना. मी आतून म्हटलं, "कापा जी. मी हाय आत." मग त्यांनी कापली, सरळ चौकोन. मी हात-पाय टेकत रांगत बाहेर आले ती नेमकी आजीच्या पायांशी. तिला वाटलं, मी पाया पडले. "अखंड सौभाग्यवती हो," असा तोंडभर आशीर्वाद दिला आणि माझ्या केसांतला भुसा झटकला. मग रेखाकडं पाहून म्हणाली, "ये बाई, तूही ये. बुरडीन पाया पडून गेली, आता सुनेनं मागं राहू नये."

असं जुळलं ते लग्न.

कापलेलं भोक आम्ही वाया जाऊ दिलं नाही. काठ नीट बांधून त्याला सरकतं झाकण केलं. पाटलांना ते फार आवडलं, कारण धान काढायला वर चढायला नको, खालूनच काढायचं. पुढं दोन-तीन वर्षं पंचक्रोशीत जो तो म्हणायचा, "आमाले ते शिंकवाली ढोली पायजे." आम्ही सगळ्यांना दार करून दिलं.

आणि मग ढोल्या बंद झाल्या. लोक पोत्यांतच धान ठेवायला लागले, लोखंडी कोठ्या आणायला लागले. शामरावांनी खरंच प्लास्टिकचं दुकान टाकलं. गोरेगावच्या बाजारात माझ्या सुपांच्या अगदी बाजूला! माझ्याकडं टोपली बघणाऱ्या बाईला हे तिकडून आवाज द्यायचे, "ताई, टब पाहा, हलका हाय!" आणि त्यांच्याकडचं गिऱ्हाईक मी ओढायचे, "उन्हात ठेवला की तडकते तो टब, पाहून घ्या." संध्याकाळी एकाच बसनं घरी जायचो आणि एकाच ताटात जेवायचो. पण ह्यांच्या हातात कोयता नव्हता, त्याचं मला वाईट वाटायचं. बोलून दाखवलं नाही, कारण मग पुन्हा अबोला.

लग्नानंतर आठ-नऊ वर्षांनी रेखा बाजारात आली. सोबत दोन लेकरं. म्हणाली, "मावशी, आजीनं जीव खाल्ला हाय. नव्वदीची झाली, पन म्हनते, कोठीतल्या तांदुळाले लोखंडाचा वास येते, मले ढोली पायजे."

मी तोंड फिरवलं. "मी एकटी कशी विनू वं? ढोलीले दोघं लागते. बाहेरून पट्टी कोन देईन?"

बाजूला आमचे हे एका बाईला निळा टब दाखवत होते. तो टब त्यांनी खाली ठेवला. "कवा जायचं?" एवढंच म्हणाले. ती बाई टबाचा भाव विचारत उभीच राहिली.

रेखाच्या सासरी धानाच्या खोलीत मी बूड विणून आत बसले आणि हे बाहेर बसले. आजी खाटेवरून बघत होती. पहिली कामटी उभी केली, पहिली पट्टी आली. ढोली माझ्या घोट्याला पण आली नव्हती.

"आता नीघ," हे म्हणाले.

"अजी, आत्ताच त बसली!"

थोड्या वेळानं गुडघ्यापर्यंत आली. "आता नीघ."

"तुमी पट्टी द्या गुमान."

कमरेपर्यंत आली. पट्टी आली नाही. मी मान वर करून पाहिलं तर हे दोन्ही हात काठावर टेकवून माझ्याकडं बघत होते. "त्या दिवशी नाई म्हटलं मी," ते म्हणाले. "आता म्हनत राहीन. नीघ म्हटलं की 'हाव' म्हनत जाय."

"हाव," मी म्हटलं आणि पट्टी मागितली.